अठरा फूट पाण्यातली मरळ

मासे शोधायचं यंत्र विकत घ्यावं की नाही, या विषयावर माझ्या सासुरवाडीत आता माझं मत कोणी विचारत नाही.

एरवी विचारतात. शेलूबाजारला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची आणि शेतकऱ्याला "आता जरा जपून वापरा" असं सांगून वाटेला लावायचं, हा धंदा मी सव्वीस वर्षं करतो आहे. त्यामुळे सासरी, म्हणजे रिठदला, कोणाचा पंखा कुरकुरला की "जवाईबापूले ईचारा" हे ठरलेलं. मी तिकडे जाताना पेचकस खिशात घालूनच जातो. (लग्नातही होता. मांडवातला जनरेटर बंद पडला तेव्हा नवरदेव मुंडावळ्या मागे टाकून त्याच्याखाली शिरला होता. फोटो आहे. बायको दाखवत नाही.)

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. गावच्या तलावावर गळ टाकून बसण्यात त्यांची साठ वर्षं गेली. शेती केली ती मधल्या वेळात. त्यांचा एक नियम आहे: विकतची मासोळी खायची नाही. बाजारातली बर्फात ठेवलेली मासोळी म्हणजे त्यांच्या मते "मढं". खायची ती आपल्या तलावातली, आपल्या गळाची, आणि त्यातही मरळ. आणि दुसरा नियम असा की श्रावण लागला की थेट दसऱ्यापर्यंत त्या घरात मांस-मच्छीचं नाव काढायचं नाही.

त्या वर्षी चैत्रात मामाजी ओसरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तलाव सुटला. चार महिने माणूस खाटेवर पडून छताचे पत्रे मोजत होता. आखाड संपत आला तरी चैत्रापासून त्यांनी मरळ चाखली नव्हती. बायकोला फोनवर एवढंच म्हणाले, "सुनंदा, यंदा आखाड कोरडाच चालला वं." माझी बायको रडली. मला काही रडता येत नाही, म्हणून मी मोबाइल उघडला.

मोबाइलवर एक गोरा माणूस होडीत बसला होता. त्यानं मोसंबीएवढा एक गोळा दोरीला बांधून पाण्यात फेकला. लगेच त्याच्या फोनवर पाण्याखालचे मासे दिसायला लागले! किती खोल, किती मोठे, सगळं! पुढच्याच क्षणी त्याच्या हातात बकरीच्या पिल्लाएवढा मासा. मी तिथल्या तिथं ऑर्डर टाकली.

आठ दिवसांनी खोकं आलं.

"हे काय आनलं?" सुनंदा.

"मासे शोधायचं यंत्र."

"काहून? मासे हरवले का?"

"तुले नाही समजत. पान्याच्या आत कुठं मासोयी हाये ते हे सांगते."

"बाबा साठ वर्षं काठावर बसून सांगतच होते की!"

"तेच तं! आता बाबा खाटेवर हायेत. यंत्र काठावर जाईन."

देव्हाऱ्यातलं हळद-कुंकू आणून तिनं गोळ्याला लावलं. नवी वस्तू आहे, पूजा नको का! मग मी माझं काम केलं. आमच्या घरात नवी वस्तू उघडी पडत नाही. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं प्लास्टिकमध्ये आहे, फ्रिजच्या हँडलला पिशवी आहे, स्कूटरच्या सीटचं कव्हर अजून निघालेलं नाही. शिवाय माझ्या धंद्यात पाणी म्हणजे वैरी. मोटरीत पाणी गेलं की वाइंडिंग गेलंच. तेव्हा एवढं नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्र मी उघडं पाण्यात सोडेन होय? मी त्याला एकावर एक दोन पारदर्शक पिशव्या घातल्या, वरून सात रबरबँड मारले आणि सांध्यावर टेप गुंडाळला. थेंब शिरायची सोय ठेवली नाही. (खोक्यावर तो गोळा उघडाच पाण्यात तरंगताना दाखवला होता. पण खोक्यावर काय, काहीही दाखवतात. साबणाच्या वडीवर बाई हसत असते.)

मोबाइलमधलं त्याचं सगळं इंग्रजीत. मधेच दोन बटणं आली. एक दाबलं तर ते म्हणे यंत्र पाण्यात ठेवा, मग थांबा, मग पुन्हा ठेवा. दुसरं दाबलं तर लगेच मासे दिसायला लागले. मी दुसरं पसंत केलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं माणसाला सोपा रस्ता कळतो. आणि त्याच भरात मामाजींना फोन लावला.

"मामाजी, आखाडाच्या शेवटच्या दिवशी तुमच्या ताटात मरय पडन. माही गॅरंटी."

पलीकडून आवाज आला, "पाहजा बापू. मी वाट पाहीन."

लग्नानंतरच्या बावीस वर्षांत मामाजी माझ्याशी पंख्याच्या पलीकडे फारसं बोलले नव्हते.

आखाडाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही रिठदला पोचलो तर घरात सणाची गडबड. चौदा माणसं जेवायला. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पाट्यावर खोबरं, खसखस आणि भाजलेला कांदा वाटत होत्या. मामाजींना खाटेवर उशा लावून बसवलं होतं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मरळीसाठी!

माझे साडू विलासराव आधीच हजर. मालेगावला मास्तर आहेत. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेन. धाकटे जावई ते, मोठा मी. दर सणाला आमच्यात कोणाचं पाहुणचाराचं ताट आधी येतं यावर दोघींचं, म्हणजे बहिणी-बहिणींचं, बारीक लक्ष असतं. आमचं अजिबात नसतं. (असतं.)

आणि आले गफूरभाई. गावात गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान आहे आणि मामाजींच्या शेजारी बसून गळ टाकण्यात त्यांचंही अर्धं आयुष्य गेलं आहे. खांद्यावर बांबूची जुनी काठी. ती मामाजींनीच तीस वर्षांपूर्वी तासून, तेल पाजून त्यांना करून दिली होती.

"बापू," गफूरभाई म्हणाले, "सांडव्याखालच्या डोहात बसू आपन. मरय तथीच राह्यते. दोन घंट्याचं काम."

"गफूरभाई, अंदाजानं मासे धरायचे दिवस गेले. यंत्र जिथं सांगन तिथं बसायचं."

"जवाईबापू म्हनते तं तसं करू."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे एका घराचा जावई हा अख्ख्या गावाचा जावई असतो. त्याचं म्हणणं सहसा कोणी खोडत नाही. त्यानं "हा बैल गाभण आहे" म्हटलं तर लोक "किती महिने झाले?" एवढंच विचारतील. हा मान मी बावीस वर्षं उपभोगला. तो कोणत्या थराला जाऊ शकतो हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

तलावावर गेलो. मी काठीला दोरी, दोरीला पिशवीतला गोळा बांधला आणि फेकला. मोबाइल टिंगटिंग वाजायला लागला.

"विलासराव, वाचा!"

विलासरावांनी चष्मा वर केला. "सतरा मासे! त्यातले तीन लय मोठे! खोली अठरा फूट!"

काठावर सात-आठ गावकरी जमलेच होते. "अठरा फूट!" असा एक आवाज उठला. तेवढ्यात एक म्हैस शांतपणे पाण्यात उतरली आणि आमच्या गोळ्यापाशी जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला.

एका म्हाताऱ्यानं अगदी अदबीनं विचारलं, "जवाईबापू, अठरा फूट पानी हाये तं मंग हे म्हैस कशावर उबी हाये?"

मी म्हशीकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. यंत्र खोटं बोलत नाही.

"पोहून राह्यली," मी म्हणालो.

"हां, पोहून राह्यली," गफूरभाई म्हणाले. आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. जावयाचा मान!

तासभर गळ टाकून बसलो. सतरा मासे मोबाइलवर येत होते, जात होते, गळाकडे मात्र फिरकत नव्हते. फोन वाजला. मामाजी.

"लागली का?"

"सतरा हायेत मामाजी, समोर दिसून राह्यल्या! आता लागन!"

"मामीनं मसाला वाटून ठेवला बरं."

मी जागा बदलली. बाभळीखाली गेलो. गोळा फेकला. टिंग! सतरा मासे, अठरा फूट. घाटाच्या पायऱ्यांपाशी गेलो. टिंग! सतरा मासे, अठरा फूट. पलीकडच्या काठाला गेलो. सतरा. अठरा.

विलासराव विचारात पडले. "दादा, हे नेमके सतराच कसे?"

"तेच सतरा हायेत ते," मी म्हणालो, "आपल्या मागं मागं चालून राह्यले."

"जवाईबापूचा मान ठेवून राह्यले," गफूरभाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, ते मला दाढीमुळे कळलं नाही.

तोवर गावात बातमी पसरली की जवाईबापूंनी मासे दिसायचा मोबाइल आणला आहे. आखाडाचा शेवटचा दिवस, प्रत्येकाच्या घरी मसाला वाटलेला! अर्धं गाव गळ घेऊन आलं. मी जिथं गोळा फेकीन तिथं तीसचाळीस गळ पाण्यात पडायचे. मी उठलो की सगळे उठायचे. मी बसलो की सगळे बसायचे. दुपारी दोनपर्यंत आम्ही तलावाला दोन फेऱ्या मारल्या. एकाच्याही गळाला कणभर काही लागलं नाही. फक्त एकाची चप्पल दुसऱ्याच्या गळाला लागली.

"काहून लागून नाही राह्यले बापू?" एकानं विचारलं.

"पोट भरलं असन त्याहिचं," मी म्हणालो. "त्याहिचाबी आखाडच हाये."

यावरही माना डोलल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण इतकी माणसं आपलं ऐकताहेत म्हटल्यावर शंका घ्यायला डोकं शिल्लक राहतं कुठं!

तिसऱ्या फेरीत मी जरा जोरात फेकलं आणि गोळा बेशरमाच्या झुडपात जाऊन अडकला. काठापासून दहा पावलांवर. ओढलं तर दोरी ताणते, गोळा येत नाही. एक पोरगेला गडी लुंगी खोचून म्हणाला, "आनतो मी, त्यात काय!"

"थांब!" मी ओरडलो. "अठरा फूट हाये तिथं! जीव जाईन!"

गडी थांबला. त्यानं लहानपणापासून त्याच जागी म्हशी धुतल्या होत्या. तरी थांबला बिचारा.

मग विलासरावांनी खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले. "दादा, मी जातो." आवाज असा की जणू सीमेवर निघाले. आणि काठावरच्या लोकांत कौतुकाची कुजबुज झाली.

ही कुजबुज मला बाधली. मोठा जावई काठावर पेन धरून उभा आणि धाकटा अठरा फूट पाण्यात? रात्री सुनंदाला काय तोंड दाखवू? "यंत्र माहं हाये, मीच जाईन!" मी गरजलो. मला पोहता येत नाही, हे सांगायला ती योग्य वेळ नव्हती.

कोणीतरी ट्रॅक्टरची ट्यूब आणली. ती मी कमरेत घातली. खाटेची सुंभाची दोरी आणून माझ्या पोटाला बांधली. दुसरं टोक सहा जणांनी धरलं. चष्मा, मोबाइल आणि त्यांचे पेन विलासरावांकडे दिले. एका बाईनं "सांभायून जा वो" म्हणत पदर डोळ्यांना लावला. मी खडकावर चढलो, देवाचं नाव घेतलं, नाक धरलं आणि अठरा फूट खोल पाण्यात उडी मारली.

पाणी गुडघ्याला होतं.

पाण्याखाली चिखल मात्र मांडीपर्यंत होता आणि मी त्यात गेलो तो खुंटा ठोकल्यासारखा. ट्यूब छातीशी येऊन बसली. नाक अजून हातात. समोर ती म्हैस. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

काठावर कोणी हसलं नाही. शपथ सांगतो, एकही माणूस हसला नाही! चाळीस माणसं ओठ आत दाबून तलावाकडे, आभाळाकडे, एकमेकांच्या पायांकडे बघत होती. हसले असते तर बरं झालं असतं. नेमका तेव्हाच फोन वाजला. विलासरावांनी स्पीकर लावला.

"लागली का?" मामाजी.

"लागलं मामाजी," विलासराव म्हणाले, "पन मरय नाही. दादा लागले."

दोरी ओढली तर फक्त पोट वर आलं, पाय तिथंच. शेवटी गफूरभाईंनी आपली बांबूची काठी पुढं केली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. चार जणांनी गफूरभाईंना धरलं, सगळ्यांनी "हैश्शा" केलं आणि मी चिखलातून भसकन सुटलो. निघता निघता पायात गुंतलेल्या दोरीनं बेशरमातला गोळाही हिसकला. पण काठीचा कडाडून आवाज झाला. तीस वर्षांची ती काठी मधोमध दोन तुकडे.

गफूरभाईंनी दोन्ही तुकडे उचलून खांद्यावरच्या रुमालानं पुसले. तेव्हा मला चिखलाहून जास्त ओशाळं वाटलं. खरंच सांगतो, रडू आलं.

मी काठावर गोळा मांडीवर घेऊन बसलो होतो. पिशव्या, सात रबरबँड, टेप, सगळं जसंच्या तसं. आत कुंकूही कोरडं. आणि विलासरावांच्या हातात मोबाइल: टिंग!

"सतरा मासे," ते सवयीनं म्हणाले. "खोली अठरा फूट."

गफूरभाईंनी माझ्या मांडीकडे बघितलं. मोबाइलकडे बघितलं. मग पहिल्यांदा त्या दिवशी जावयाचा मान बाजूला ठेवून विचारलं, "बापू, गोया तं तुमच्या मांडीवर हाये. मंग मासोया कोन मोजून राह्यलं?"

विलासरावांनी चष्मा पुसून मोबाइल डोळ्याजवळ नेला. "दादा, हे वर कोपऱ्यात 'डेमो' लिहून हाये."

"सकायपासून हाये?"

"सकायपासून. मले वाटलं कंपनीचं नाव हाये."

मग मात्र तलाव हसला. चाळीस माणसं सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम हसली. तो लुंगीवाला गडी तर जमिनीवर बसून हसत होता. म्हातारा म्हणाला, "म्हैस उबीच होती तं मंग!" आणि पुन्हा सगळे सुरू.

सांडव्याखालच्या डोहात जायला आता उपयोग नव्हता. चाळीस माणसांनी दिवसभरात डोहासकट सगळा काठ तुडवून पार चहा केला होता पाण्याचा. गफूरभाईंनी तरी उसन्या काठीनं अंधार पडेपर्यंत बसून पाहिलं. एक झिंगा नाही.

घरी आलो. चिखल वाळून माझा पुतळा झाला होता. सुनंदानं मला पाहिलं, मागं मरळ आहे का ते पाहिलं आणि बादली आणून दिली. मामींनी वाटलेल्या मसाल्यात बटाटे सोडले. मी आंघोळ करून मामाजींच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. उशाशी गफूरभाईंनी आणून ठेवलेले काठीचे दोन तुकडे होते. मामाजी त्यावरून बोट फिरवत होते.

"मामाजी, चुकलं माहं," मी म्हणालो. "तुमचा आखाड मी कोरडा केला."

त्यांनी तुकडे बाजूला ठेवून हात पुढं केला. मग म्हणाले, "दाखवा बरं ते."

मी मोबाइल दिला. मासे येत होते, जात होते. मामाजींनी तो लांब धरला, जवळ धरला. "हे मोठी हाये," म्हणाले. "हे पाहा, हे खाली बसली. असंच बसते मरय." पाच मिनिटं, दहा मिनिटं. चार महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

पंगत बसली. मामाजींचं ताट खाटेपुढच्या स्टुलावर. गरम भाकर, रस्सा, रश्श्यात बटाटे. त्यांनी मोबाइल तांब्याला टेकवून ताटासमोर उभा केला, एक घास मोडला, रश्श्यात बुडवला, त्या मोठ्या माशाकडे बघत बघत खाल्ला आणि मान हलवली. सगळं घर घास थांबवून बघत होतं.

"जवाईबापू."

"काय मामाजी?"

"आता मले डोयानं कमी दिसते. त्या मोठीचे काटे तेवढे काढून द्या."

घर फुटलं हसून. मामी पदरात, सुनंदा भिंतीला डोकं लावून, विलासराव ठसका लागून. मीही हसलो, पण जरा उशिरा. कारण बावीस वर्षांत मामाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी हात पुसून मोबाइल जवळ ओढूनही घेतला होता.